स्टेअरिंग हलके झाले, ट्रॉल्यांचे ओझे नाही

कारखान्याच्या यार्डात ऊस खाली होण्याची वाट बघत रात्र काढलेल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला सकाळी विचारा, काय दुखतंय? कंबरेच्या आधी तो खांद्याला हात लावील. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, फडातून डांबरीवर येईपर्यंत ओली माती आणि हातात जुन्या पद्धतीचे जड स्टेअरिंग. तेव्हा गाळप हंगाम तोंडावर आला की ‘मिस्त्री, पॉवर बसवून टाका’ ही मागणी गॅरेजात ऐकू येते, यात नवल नाही.

त्यात करकपातीची भर पडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा कर तर १८ वरून थेट ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप आणि स्टेअरिंगचे भाग त्या यादीत आहेत. समजा, किटची करापूर्वीची किंमत २० हजार रुपये आहे. पूर्वी तिच्यावर ३,६०० रुपये कर बसला असता, आता १ हजार बसेल. २,६०० रुपये वाचले. पण ते कोणाचे वाचले, हे बिलावरून कळणार. ‘बिल कशाला, आपलंच दुकान आहे’ म्हणणाऱ्याकडे तुमची कपात कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. आणि ही कपात मालावरची आहे. मिस्त्रीच्या मजुरीशी तिचा संबंध नाही.

आता खरा प्रश्न. तुमचे स्टेअरिंग जड का आहे? सगळ्याच जुन्या ट्रॅक्टरांचे स्टेअरिंग एवढे जड नव्हते. नवा असताना जो ट्रॅक्टर एका हाताने वळत होता, तो आज दोन हातांना ऐकत नसेल तर दुखणे बहुतेक वेळा पुढच्या एक्सलमध्ये असते. किंगपिनला महिनोन्‌महिने ग्रीस नाही, बुश खाल्लेला, खालचे बेअरिंग गंजलेले, पुढच्या टायरात हवा कमी. ग्रीसगन दहा मिनिटे चालवायची तर आपल्याला वेळ नसतो, आणि किटसाठी मात्र दोन दिवस गाडी गॅरेजात उभी करायला आपण तयार असतो! अशा खिळखिळ्या एक्सलवर पॉवर स्टेअरिंग बसवले म्हणजे दुखणे बरे होत नाही, फक्त कळायचे बंद होते. पूर्वी हाताला जे जड लागायचे तेच आता सिलिंडर मुकाट्याने रेटतो, आणि तो जोर टाय रॉड व बॉल जॉइंटवर पडतो. म्हणून आधी चाक जॅकवर उचलून हलवून बघा. खेळ असेल तर तो काढा. तेवढ्याने स्टेअरिंग हलके झाले तर किटचे पैसे खिशातच राहिले.

एवढे करूनही पॉवर हवेच असेल तर कोणत्या प्रकारचे बसते आहे, ते विचारून घ्या. एका प्रकारात जुना स्टेअरिंग बॉक्स जागेवर राहतो आणि त्याच्या मदतीला सिलिंडर येतो. ऑइल गेले तरी हातातले चाक आणि खालचे चाक लोखंडानेच जोडलेले असते. जड होईल, पण वळेल. दुसऱ्या प्रकारात जुना बॉक्स निघतो आणि ऑर्बिट्रोल येतो. इथे स्टेअरिंग आणि पुढची चाके यांच्यात फक्त ऑइल असते. इंजिन बंद पडले किंवा पंपाचा पट्टा तुटला तर आत उरलेल्या ऑइलवर जोर लावून वळवता येते. पण होज फुटून ऑइल सांडले, की हातातले चाक नुसते फिरत राहते. मागे दोन ट्रॉल्या आणि समोर वळण असताना ही वेळ आली तर काय, याचा विचार किट घेण्यापूर्वीच केलेला बरा.

ज्याविषयी गॅरेजात कोणी बोलत नाही, ते मात्र वेगळेच आहे. भरलेली ट्रॉली ओढताना, विशेषतः चढावर, ट्रॅक्टरचे पुढचे तोंड हलके होते. ट्रॉलीला एकच एक्सल असेल तर तिच्या भाराचा काही भाग हुकावर बसतो आणि तोंड आणखी उचलले जाते. अशा वेळी पुढची चाके रस्त्याला नीट धरत नाहीत. चाके वळलेली असतात, ट्रॅक्टर सरळ जातो. जुने स्टेअरिंग ही खबर हाताला द्यायचे. एरवी जड लागणारे चाक अचानक सैल लागले, की अनुभवी ड्रायव्हर ताबडतोब गिअर बदलायचा. पॉवर स्टेअरिंग रिकाम्या ट्रॅक्टरला हलके आणि भरलेल्यालाही हलके. ती खबर आता हाताला लागत नाही. त्यात ‘आता काय, पॉवर आहे’ म्हणून ट्रॉलीवर आणखी दोन थर चढले, की झालेच. उतारावर ब्रेक नसलेल्या ट्रॉल्या मागून रेटा देतात, तेव्हाही पॉवर स्टेअरिंगचा काही उपयोग नाही. पुढे वजने लावा, हूक वर घेऊ नका आणि भार होता तेवढाच ठेवा. ज्याचा ट्रॅक्टर फक्त रोटाव्हेटर आणि सरी सोडण्यापुरता आहे, त्याला ही भीती फार नाही. बांधाकडेला वळताना त्याला पॉवरचा फायदाच फायदा.

बसवताना उभे राहून बघा. सिलिंडरचा ब्रॅकेट बोल्टने बसला पाहिजे. स्टेअरिंगच्या आर्मवर वेल्डिंग मारू देऊ नका, तापलेले लोखंड तिथेच तडकते. होज जास्त दाबाचाच, टोके दाबून बसवलेली. क्लिप आवळलेली चालणार नाहीत. चाके दोन्ही कडांपर्यंत पूर्ण वळवून बघा, होज कुठे घासता कामा नये. पूर्ण वळवल्यावर स्टेअरिंग तसेच दाबून धरायची सवय ड्रायव्हरला लावू नका, ऑइल तापते. पहिला दिवस रिकाम्या रानात चालवा, इंजिन बंद करून एकदा वळवून बघा आणि संध्याकाळी ऑइल पुन्हा तपासा. पाइपमधली हवा निघाली, की पातळी खाली जाते.

कायद्याचेही बघायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणेच वाचले. स्टेअरिंगचा बदल त्यात येतो की नाही, यावर गॅरेजवाल्याचे मत घेऊन उपयोग नाही. अपघातानंतर विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवू शकते. काही मॉडेले, उदाहरणार्थ महिंद्रा ४७५, कंपनीनेच साध्या आणि पॉवर अशा दोन्ही स्टेअरिंगमध्ये दिली आहेत. तुमचा ट्रॅक्टर त्यातला असेल तर कंपनीचेच भाग कंपनीच्या डीलरकडून बसवून घ्या. नसेल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. त्यासाठी हंगामापूर्वीचे दोन महिने हातात ठेवा. तोडणीची टोळी फडात उतरल्यावर आरटीओच्या खेपा कोण घालणार?