घरसंसार : भाडं कमी, अंतर जास्त



आमच्या झुइडओस्टमध्ये हल्ली चार आपली माणसं भेटली की एकच विषय निघतो, "अल्मेरेला जायचं का?" आमच्याही घरी सध्या तेच चालू आहे. मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. घर भाड्याचं, खाजगी मालकाचं. पगाराचा मोठा हिस्सा पहिल्या तारखेलाच भाड्यात जातो, आणि मुलं मोठी झाली तरी दोघांना मिळून एकच खोली. मुलगा म्हणतो, नोर्द-हॉलंड सोडून शेजारच्या फ्लेवोलँड प्रांतात गेलो तर तेवढ्याच पैशांत मोठं घर मिळेल. म्हणून आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो, चार ठिकाणी विचारपूस केली. जे कळलं ते इथे सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, स्वस्त जागेसाठी बिऱ्हाड हलवणं आपल्या लोकांना नवं नाही. कोकणातली तेलाची घाणी सोडून आपले पूर्वज मुंबईला आले. 1796 साली मांडवीत पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे मुंबईत खोली परवडेना, तेव्हा कितीतरी कुटुंबं ठाण्याला गेली. तिथे 1879 पासून आपलं सिनेगॉग होतंच. आज भारतातली आपली सर्वांत मोठी वस्ती मुंबई शहरात नसून ठाण्यात आहे. म्हणजे आमच्या मुलाचं अल्मेरे हे एका अर्थाने आमच्या मामांचं ठाणेच! फरक एवढाच की ठाण्याला जाणाऱ्याला सिनेगॉग आणि शेजारी तयार मिळाले.

इस्राएलला गेलेल्यांची गोष्ट वेगळी. बेरशेबा असो की 1955 साली वसवलेलं दिमोना, सरकारने जिथे घर दिलं तिथे सामान उतरवलं. तेव्हा आजी-आजोबांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती. आज तरी ती सोय आहे. मग विचारायला काय हरकत आहे?

आमचं झुइडओस्टसुद्धा असंच बाहेरून आलेल्यांनी भरलेलं. इथल्या बाइल्मर वस्तीत 1968 साली पहिले रहिवासी आले. दहा-अकरा मजल्यांच्या लांबच लांब इमारती बांधल्या, पण डच कुटुंबांना त्या फारशा आवडल्या नाहीत आणि पुष्कळ घरं रिकामी राहिली. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास तिथून आलेल्या कुटुंबांनी ही घरं घेतली. 4 ऑक्टोबर 1992 ला तेल अवीवला निघालेलं एल आलचं मालवाहू विमान इथल्या दोन इमारतींवर कोसळलं आणि 43 माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षांत बऱ्याच उंच इमारती पाडून लहान घरं बांधली गेली. या सगळ्या काळात इथली अनेक सुरिनामी कुटुंबं अल्मेरेला गेली. म्हणजे ही वाट आधीच मळलेली आहे.

आता थोडं मुलांसाठी. मुलांनो, अल्मेरे जिथे आहे तिथे तुमच्या आजोबांच्या लहानपणी पाणी होतं! 1932 साली डच लोकांनी मोठा बांध घालून समुद्राचा तुकडा तोडला आणि मग एकेक भाग कोरडा केला. अल्मेरेची जमीन 1968 साली कोरडी झाली. 1976 मध्ये पहिली माणसं राहायला आली आणि 1986 साली फ्लेवोलँड हा देशाचा बारावा प्रांत झाला. आज अल्मेरेत दोन लाखांहून जास्त लोक राहतात. गंमत म्हणजे त्या प्रांतात शेतं नांगरताना आणि कालवे खणताना शेकडो बुडालेली जहाजं सापडली. आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. तेव्हा जहाज फुटलेल्या जागी घर करणं आपल्याला काही नवीन नाही!

बरं, आता वहीतला हिशेब. आम्हांला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की प्रांत बदलल्याने सगळ्यांचेच पैसे वाचत नाहीत.

ज्यांना घर विकत घ्यायचंय, किंवा जे खुल्या बाजारातलं भाडं भरतात, त्यांना फरक जाणवतो. पण आमच्यासारखे म्हातारे, जे वर्षानुवर्षं गृहनिर्माण संस्थेच्या घरात आहेत, त्यांचं काय? त्या घरांचं भाडं देशभर एकाच गुणपद्धतीने ठरतं. त्यामुळे प्रांत बदलला म्हणून ते निम्मं होत नाही. उलट जुन्या भाडेकरूचं भाडं बहुधा कमी असतं, आणि नवीन करार केला की भाडं आजच्या दराने लागतं. म्हणजे स्वस्त प्रांतात जाऊन जास्त भाडं भरायचं असंही होऊ शकतं. शिवाय घरासाठी नाव नोंदवण्याची अल्मेरेची यादी अ‍ॅमस्टरडॅमच्या यादीहून वेगळी आहे.

म्हातारपणीचं सरकारी पेन्शन आणि भाड्याची सरकारी मदत देशपातळीवरची आहे. प्रांत बदलला म्हणून पेन्शन थांबत नाही. भाड्याची मदत मात्र नव्या घराच्या भाड्यावर ठरते. घरकामाला येणारी मदतनीस, जिन्याची खुर्ची, ही सोय नगरपालिकेकडून असते. गाव बदललं की नव्या नगरपालिकेकडे पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. फॅमिली डॉक्टरही नवा शोधावा लागतो, आणि पुष्कळ दवाखाने "जागा नाही" म्हणतात. म्हणून आधी डॉक्टर पक्का करा, मग करारावर सही करा.

तरुणांच्या पानावर आणखी काही आकडे हवेत. नोकरी अ‍ॅमस्टरडॅमलाच राहणार असेल तर रेल्वेचा पास किंवा पेट्रोल. मोटारीच्या रस्ते-करावर प्रत्येक प्रांत आपली वेगळी भर घालतो, तीही बघावी. गाडीचा विमा पत्त्यावर अवलंबून असतो. कचरा आणि पाणी यांचे करही गावागणिक वेगळे. आणि नवीन पत्ता नगरपालिकेला घर बदलण्याच्या चार आठवडे आधीपासून ते नंतर पाच दिवसांच्या आत कळवावा लागतो. हे सगळं मांडल्यावर आमच्या मुलाची बचत त्याला आधी वाटली तेवढी राहिली नाही. पण राहिली, हे खरं. आणि मुलांना स्वतंत्र खोल्या मिळतात, हे त्याहून खरं.

आता जे वहीत लिहिता येत नाही ते. अंतर विसेक किलोमीटरचं, काही फार नाही. पण शब्बाथला गाडीत न बसणाऱ्याला वीस किलोमीटर आणि दोनशे किलोमीटर सारखेच. आज शुक्रवारी संध्याकाळी नातवंडं चालत येतात, मेणबत्त्या लागतात, जेवून चालत घरी जातात. मलिदा करायचा तर नारळ किसायला सूनबाई दुपारीच हजर असते. सूनबाईंची पाळी उशिराची असली की शाळेतून मुलांना आम्ही आणतो. उद्या हे काम कुणी पैसे घेऊन करील, तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि आमची नऊ वर्षांची नात विचारते, "आजी, तिकडे माझ्याशी मराठीत कोण बोलणार?" घरात आईबाप दमून येतात आणि डचमध्येच बोलतात. मराठी तिला मिळते ती आमच्याकडून, रोज थोडी थोडी.

"तुम्हीही चला," असं दोघांनीही मनापासून म्हटलं. आम्ही विचार केला आणि नाही म्हणालो. आमचं भाडं वाढणार, डॉक्टर बदलणार, ओळखीचे जिने आणि बाकं सुटणार. आणि त्यांनी आमच्यासाठी थांबावं, हेही आम्ही सांगितलं नाही. मुलांना वाढायला जागा लागते. आमच्या आईवडिलांनीही आम्हांला अडवलं नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल ते आता कळतं.

तेव्हा ठरलं असं. शाळेचं वर्ष संपलं की ते जातील. जाण्याआधी दोन रविवार नातवंडांना घेऊन तिथली शाळा, स्टेशन, दवाखाना पाहून येतील. महिन्यातून एक शब्बाथ ते चौघे शुक्रवारपासून आमच्याकडे मुक्कामाला. दर बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटते तेव्हा, आम्ही रेल्वेने तिकडे. आणि रोज संध्याकाळी नातीने फोनवर आजीला दिवसभराची हकीकत मराठीत सांगायची. चुकली तरी चालेल, पण मराठीतच.

तुमच्या घरीही असा बेत चालला असेल तर एवढं करा. हिशेबाला बसाल तेव्हा म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही टेबलाशी बसवा. आणि कोण कुणाला कधी भेटणार, ते घराच्या करारावर सही करण्याआधीच ठरवा. नंतर ठरवू म्हटलेलं राहून जातं. बुधवारच्या गाडीत तुमच्यापैकी कुणी भेटलं तर आमच्या डब्यातल्या करंज्या आहेतच!