देवमासा, बोट आणि एक गोळी

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एक निवृत्त शिक्षक सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. वय ७६. रक्तदाबासाठी ते १८ वर्षे माझ्याकडे येतात, त्यामुळे आमचे बोलणे औषधांपाशी थांबत नाही. दोघेही कन्येकडे कॅलिफोर्नियाला निघाले होते. “डॉक्टर, या खेपेस देवमासा पाहायचाच आहे. जावईबापूंनी मॉन्टेरेच्या उपसागरातील बोटीचे तिकीट काढून ठेवले आहे. बोट लागू नये म्हणून एखादी गोळी तेवढी लिहून द्या.”

मी प्रोमेथाझिनच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर रुग्ण खोळंबले होते. दीड वर्षापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी औषध सुरू केले होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चूक कोणाची, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. विचारणे हे माझे काम होते.

एप्रिलच्या अखेरीस गुरुजी बोटीवर गेले. एक गोळी निघताना घेतली, मळमळू लागल्यावर दुसरी. देवमासे दिसले, पण ते अर्धवट गुंगीत. त्या रात्री लघवी पूर्णपणे अडली, आणि परक्या देशात अपरात्री रुग्णालय गाठून नळी घालून घ्यावी लागली. हा प्रसंग त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे.

बोट लागण्यावरची नेहमीची औषधे, म्हणजे प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, तसेच कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी, मूत्राशयाच्या स्नायूचे आकुंचन मंदावू शकतात. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मार्ग आधीच अरुंद असेल तर एवढे निमित्त पुरते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब याच औषधांनी अचानक वाढू शकतो. साठीनंतर गुंगी, भ्रम आणि तोल जाणे हे धोके तर सर्वांनाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला मनुष्य हलत्या बोटीत पडला, तर ती दुखापत साधी राहत नाही. म्हणून गोळी मागण्यापूर्वी घरातील सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर ती निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि आपल्या मनाने दुसरी गोळी तर कधीच घेऊ नये.

औषधाविनाही पुष्कळ साधते. बोटीच्या मध्यभागी बसावे, दृष्टी क्षितिजावर ठेवावी, पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. दुर्बीण सतत डोळ्यांना लावली की मळमळ वाढते. मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन झाली आणि न्याहारी उलटून पडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोज असावेच. लहान बोटीत स्वच्छतागृह नसते म्हणून काही जण लघवीची गोळी परस्पर टाळतात. तिची वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारावे.

बाईंच्या बाबतीत मात्र मी सावध होतो. त्यांची हाडे ठिसूळ आहेत आणि पाठीचा एक मणका पूर्वी दबलेला आहे. रबरी कडांच्या वेगवान लहान बोटी लाटेवरून उसळून आपटतात आणि तो धक्का बसलेल्या माणसाच्या कण्यावर सरळ येतो. त्यांना मी बोट वर्ज्य सांगितली होती. घरच्यांना त्याचे वाईट वाटले: आईने एवढ्या दूर येऊन काठावरच बसायचे?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, नळी निघाल्यानंतर, सर्व कुटुंब पॉइंट रेयीस येथे गेले. तेथील दीपगृहापर्यंत उतरायला ३१३ पायऱ्या आहेत, आणि उतरलेला तेवढ्याच चढतो, हे गुडघेदुखी असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. दोघेही खाली गेले नाहीत. पायऱ्यांच्या माथ्यावरूनही समुद्र दिसतो. करडे देवमासे हिवाळ्यात मेक्सिकोच्या खाऱ्या सरोवरांत पिल्लांना जन्म देतात आणि उन्हाळ्यासाठी अलास्काकडील थंड समुद्रात परततात. जाऊन-येऊन हा प्रवास १६,००० किलोमीटरांच्या घरात जातो. पिल्लू सोबत असलेल्या माद्या सर्वांत शेवटी निघतात आणि किनाऱ्याला बऱ्याच लगटून जातात. एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा त्यांचा काळ.

किनाऱ्यावरून पाहताना आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्यावरील फवारा शोधावा आणि मगच दुर्बीण उचलावी. कापऱ्या हातांना सातपट दुर्बीण पुरते, अधिक शक्तीची दुर्बीण चित्र हलवते. देवमासा थोड्याथोड्या अंतराने तीन-चार वेळा श्वास सोडतो, मग काही मिनिटे पाण्याखाली जातो. त्यानंतर तो जात असलेल्या दिशेला थोडे पुढे पाहत राहावे. वारा मे महिन्यातही बोचरा असतो, म्हणून कानटोपी आणि बसायला घडीची खुर्ची न्यावी. आणि बोटीतून देवमासा अगदी जवळ दिसतो, ही समजूतही तितकीशी खरी नाही. तेथील नियमावलीनुसार बोटीने सुमारे ९० मीटर अंतर राखायचे असते, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे तारकर्लीला किंवा दापोलीजवळच्या मुरूडला डॉल्फिन पाहायला जाताना बहुधा गुडघाभर पाण्यातून, ओल्या कडेवरून पाय टाकून होडीत चढावे लागते. सांधा बदललेल्यांनी ती उडी मारण्यापूर्वी दोन माणसांचा आधार मागावा. त्यात संकोच कसला? जीवरक्षक जाकीट नुसते खांद्यावर न टाकता त्याचे पट्टे बांधून घ्यावेत.

ऑक्टोबरमध्ये दोघे परत आले. गुरुजींनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. सगळी औषधे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती, प्रोस्टेटची गोळी सर्वांत वर, तांबड्या शाईने. बाई हसत म्हणाल्या, “यांनी बोटीत निम्मा वेळ डुलक्या काढल्या, डॉक्टर. मी वरती बसून नऊ फवारे मोजले. एकीसोबत पिल्लूही होते.”