माळ तुटल्यावर

छत्रपती संभाजीनगरहून नगर रस्त्याने निघाले की वाळूजच्या अलीकडे पंढरपूर लागते. हे आमचे पंढरपूर. आषाढीला इथे लाखांनी माणूस लोटतो. आदल्या रात्रीपासून दिंड्या येऊ लागतात, आणि सेकंड शिफ्ट सुटलेला कामगार डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून दर्शनबारीत उभा राहतो. याच रस्त्याने, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून, बाराही महिने बिअरचे ट्रक बाहेर पडतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होते, तेव्हा इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही पण बिअर बनते, हे उरलेल्या महाराष्ट्राला त्या उन्हाळ्यात कळले. आम्हाला ते वासावरून आधीच ठाऊक होते.

विठ्ठल आणि बाटली यांच्या मधल्या या पट्ट्यात आमचा वाचक राहतो. म्हणून यंदाचा दिवाळी अंक व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांवर, आणि त्यांना हात देणाऱ्या देवाधर्मावर व शेजारापाजारावर काढला आहे. विषय ठरला तेव्हा संपादक मंडळातच कुरबुर झाली. सणासुदीला गोडधोड वाढायचे सोडून दारू कुठे काढता? प्रश्न रास्त होता, पण दिवाळी हाच तर आमच्याकडचा दारूचा खरा हंगाम. बोनस होतो, चार दिवस कंपनी बंद असते, गावी जायच्या आधीची एक रात्र खोलीवर मित्रांबरोबर निघते. पूर्वी बोनसच्या दिवशी काही बायका गेटबाहेर येऊन उभ्या राहत. मग पगार खात्यात जमा व्हायला लागला आणि एटीएम कार्ड डाळीच्या डब्यात जाऊ लागले. आता मोबाइलवरूनच पैसे देता येतात, त्यामुळे तोही बंदोबस्त गेला. तरुण पोरांचे आणखी निराळे. शहरात ‘बटन’ म्हणून ज्या झोपेच्या गोळ्या चोरून विकल्या जातात, त्यांना वास नसतो. आईने तोंड हुंगले तरी काही कळत नाही.

आमच्याकडे दारू सोडायचा सर्वांत जुना रस्ता म्हणजे माळ. सप्ताहात कीर्तन ऐकता ऐकता एखाद्याचे मन पालटते, काल्याच्या दिवशी तो महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतो. मांस-मद्य बंद, एकादशी सुरू, जमेल तशी वारी. आम्ही काही फार देवभोळे नाही. पण या रिवाजात एक मोठे शहाणपण आहे आणि ते मान्य करायला देवावर विश्वास असावाच लागतो असे नाही. दारू सोडलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते नाही म्हणणे. एकदा नव्हे, रोज, ओळखीच्या दहा तोंडांना. गळ्यात माळ आली की ते काम माळ करते. “तो माळकरी झालाय, त्याला नका विचारू,” असे मित्र परस्परच एकमेकांना सांगतात. ज्याला कालपर्यंत आग्रह करायचे, त्याच्यासमोर ग्लास भरायला आता त्यांनाच संकोच वाटतो.

दुसरी गोष्ट वेळेची. व्यसनी माणसाचा खरा वैरी संध्याकाळ असते. फर्स्ट शिफ्ट दुपारी सुटते, झोप होते, पाच वाजतात आणि पुढचा सगळा वेळ अंगावर येतो. हरिपाठ नेमका त्याच सुमारास असतो. तिथे टाळ हातात असतो, शेजारी माणूस असतो, आणि आपण गेलो नाही तर उद्या “काल दिसला नाहीत” असे विचारणारे कोणीतरी असते. व्यसनमुक्त युवक संघ उभा करणारे बंडातात्या कराडकर हे वारकरी कीर्तनकार आहेत, ते उगीच नाही. राजकारण्यांबद्दलची त्यांची काही वक्तव्ये आम्हाला बिलकूल पटलेली नाहीत. तरुणाला व्यसनापासून दूर ठेवायचे तर त्याला जवळची एक मंडळी द्यावी लागते, हे मात्र त्यांनी पक्के ओळखले.

गाडगेबाबांना हे घरातच कळले होते. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, लहान होता. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण द्यायचे सोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. त्यांचे पहिले कीर्तन ते हेच, असे म्हणायला हरकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते, आणि आमच्या विहारांत ते वंदनेच्या वेळी म्हटले जाते. इस्लामात तर दारू हरामच. म्हणजे ज्या तीन परंपरांत आमची बहुतेक वस्ती वाढली, त्या तिन्ही दारूला नको म्हणतात. तरी दुकाने चालतात. नुसती मनाई करून भागले असते तर हा अंक काढायची वेळच आली नसती.

मनाईच्या जोडीला मार दिला तर? त्याचाही प्रयोग झालेला आहे. याच रस्त्याने नगर ओलांडून पुण्याकडे गेले की पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी लागते. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी पदरचे पैसे घालून यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि गावातल्या भट्ट्या बंद करायचा ठराव त्याच देवळात झाला. देवासमोर शब्द दिलेला, त्यामुळे त्याला वजन आले. भट्ट्या विझल्या. त्यानंतरही पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले, हे अण्णांनी कधी लपवलेले नाही. गाव कोरडे झाले, हिरवेही झाले, त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण फटका तिथेच चालतो जिथे मारणारा आणि खाणारा एकाच पांढरीत जन्मलेले असतात. वाळूजला कोण कोणाला बांधणार? इथला माणूस जालन्याचा, बीडचा, बुलढाण्याचा, आता बिहारचाही. रांजणगावात नाव खराब झाले की तो खोली बदलून शेजारच्या जोगेश्वरीत जातो. शिवाय मार खाल्लेला माणूस दारू सोडेल की नाही ते सांगता येत नाही, लपवायला मात्र हमखास शिकतो.

तिसरा रस्ता आला सातासमुद्रापलीकडून, आणि तोही देवाच्या दारातूनच. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामाने ओहायोतल्या ॲक्रनला गेला होता. काम फिसकटले. पिणे सोडून त्याला काही महिनेच झाले होते, आणि हॉटेलच्या लॉबीत उभ्या विल्सनला बारमधल्या गप्पांचा आवाज ऐकू येत होता. तिथल्या फोनवरून त्याने चर्चच्या पाद्र्यांना गाठायला सुरुवात केली. त्याला आशीर्वाद नको होता, उपदेश नको होता. बोलायला आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा होता. त्या फोनाफोनीतून त्याची गाठ बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली, जो स्वतः दारूत बुडालेला होता. डॉक्टरांनी १० जूनला शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए. ए.) या संघटनेचा तोच स्थापना दिवस मानला जातो. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे, पण ज्याला जसा समजेल तसा. विठ्ठल म्हणा, अल्ला म्हणा, नाहीतर समोर बसलेल्या या वीस माणसांनाच मोठी शक्ती म्हणा, कोणी हटकत नाही.

हे भाबडेपण आहे, असे म्हणणारे डॉक्टर पुष्कळ होते. २०२० मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या वैद्यकीय आढावा मालिकेत २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा लेखाजोखा निघाला. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्या पायऱ्यांवर बेतलेले उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड किंवा काकणभर सरस ठरले. वर ए. ए.च्या मिटिंगला फी नाही. पेटीत दहा रुपये टाकले तरी चालतात, न टाकले तरी चहा मिळतो.

पुण्याच्या मुक्तांगणने हे सगळे मराठी घरात आणले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला केंद्र सुरू केले. अवचटांचे गर्दवरचे लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाखाची देणगी दिली होती. मुक्तांगणात कोणाची पूजा नाही, पण मिटिंग आहे, शेअरिंग आहे, पिणे सोडल्याचा वाढदिवस आहे, आणि बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. घरची माणसेही दमलेली असतात, ही जाण आमच्या देवळांना अजून यायची आहे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी जीव जातो. वीस वर्षे रोज पिणाऱ्याने काल्याला माळ घातली आणि त्याच रात्रीपासून दारू एकदम तोडली, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस बडबडतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी लागले. त्याला भगताकडे नेतात, दोराबंद करतात, आणि उपचाराचा वेळ निघून जातो. हे भूत नव्हे. दारूला सरावलेल्या मेंदूची दारू अचानक तुटल्यावर जी गत होते ती ही, आणि तिच्यावर औषध आहे. घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, जवळच्या दवाखान्यात न्या, पण न्या. आधी दहा दिवस डॉक्टर, मग आयुष्यभर हरिपाठ, हा क्रम कोणत्याही महाराजांनी कीर्तनातून सांगितला तर त्या एका वाक्याने चार घरे वाचतील. भाजीत चोरून पावडर कालवायला देणाऱ्या बाबांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या पावडरीत दारूशी झगडणारे औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर प्रसंग जिवावर बेततो.

या अंकासाठी फिरताना आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले ते माळ तुटलेल्या माणसांनी. दारू सुटते आणि परत लागते, हे या आजारात नेहमीचे आहे. ए. ए.मध्ये त्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि स्लिप झालेल्याला पुढच्या मिटिंगला खुर्ची मिळते. माळकऱ्याचे तसे नाही. लग्नाच्या वरातीत कोणीतरी आग्रह केला, एक घोट गेला, की तो स्वतःच माळ काढून देव्हाऱ्यात ठेवतो, आणि मग हरिपाठाच्या वेळी देवळासमोरची गल्ली टाळून लांबच्या वाटेने घरी जातो. पिण्यापेक्षा तोंड दाखवण्याची लाज मोठी होते, आणि ती लाज घालवायला पुन्हा दारूच जवळची वाटते. माळेने ज्या दहा नजरांचा त्याला आधार दिला, त्याच दहा नजरा आता त्याला खातात. “परत नादाला लागला म्हणे,” हे वाक्य आमच्या कॉलन्यांत ज्या चवीने बोलले जाते, ती चव दारूपेक्षा फार बरी नाही.

बजाजनगरच्या एका भजनी मंडळात आम्ही याचा उलटा प्रकार पाहिला. असाच एक जण दोन महिन्यांनी आला आणि चपला ठेवायच्या जागेपाशीच घुटमळत राहिला. कपडे धुतलेले होते, दाढी वाढलेली होती, गळा मोकळा होता. हरिपाठ चालू होता. वीणेकरी वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त फिटर. त्यांनी वीणा खाली ठेवली नाही, जागचे हललेही नाहीत. पहिला अभंग संपला तेव्हा मान वळवून एवढेच म्हणाले, “माऊली, टाळ तुमचा खुंटीलाच आहे.” कोणी मागे वळून पाहिले नाही. त्याला टाळाची दोरी बोटाला गुंडाळता येईना, हात कापत होता. शेजारच्या पोराने ती गुंडाळून दिली. माळेचा विषय नंतरही कोणी काढला नाही. ती त्याने पुढे आळंदीला जाऊन पुन्हा घातली, हे आम्हाला त्याच्या बायकोकडून कळले.

सगळा भार देवावर आणि शेजाऱ्यावर टाकून सरकारला मोकळे सोडायचे, असा याचा अर्थ नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले, वर्षाला चौदा हजार कोटींचे जादा उत्पन्न गृहीत धरून. ज्या घरातून हे कोटी येतात, त्या घरासाठी त्यातले किती परत येते, हे विचारायला आमदार-खासदारांचे दार ठोठावावे लागेल. २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, आणि त्याच दिवशी पुण्यात अनिल अवचट गेले. तो निर्णय पुढे बारगळला. दारूचे दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीच्या मतदानाचा हक्क बायकांना आहे, पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. आमच्या भागात जिच्या घरात रोज आरडाओरडा होतो, तिचे नाव परतूरच्या नाहीतर गेवराईच्या मतदार यादीत असते. ती इथे मार खाते आणि मत तिथे देते. यादीत नाव फिरवून घेण्याचा अर्ज कसा भरायचा, त्याची माहिती मुद्दाम अंकात घातली आहे. दिवाळी अंकात अर्जाचा नमुना छापणारे आम्ही पहिलेच असू.

अनुभव लिहिणाऱ्यांची नावे बदललेली आहेत, कंपन्यांची गाळलेली आहेत. वाळूजमध्ये सगळ्यांना सगळे ठाऊक असते, म्हणून वाचकांना विनंती, की ओळखू आले तरी अंदाज बोलून दाखवू नका. फराळाला येणाऱ्या पाहुण्यांत कोणी नुकतीच सोडलेली असेल, तर त्याच्यासमोर बैठकीचे बेत करू नका आणि “एकाने काय होतंय” म्हणू नका. त्याने सोडली म्हणून त्याचा सत्कारही ठेवू नका. चहा द्या, चिवडा द्या, क्रिकेटचे बोला.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत मदत क्रमांक १४४४६ आहे. पिणाऱ्यानेच फोन करावा अशी अट नाही. बायकोने, आईने, मोठ्या झालेल्या मुलीने केला तरी चालतो.