वेगळी सोय

मार्काच्या शुभवर्तमानात ख्रिस्त कुष्ठरोग्याला आधी हात लावतो, मग तो बरा होतो. बरा होऊन ये, मग जवळ घेतो, असे तो म्हणत नाही.

आमच्या गोव्यात 2014 साली नेमके उलटे झाले. रिवणच्या एका ख्रिस्ती शाळेतून एचआयव्हीबाधित 13 अनाथ मुलांना बाहेर जावे लागले, कारण इतर पालकांनी आपली मुले काढून घेण्याची धमकी दिली होती. एका बाकावर बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तेव्हा काही गुपित नव्हते.

पालक कुठल्या धर्माचे, हे मी विचारत नाही. भीतीला ना शेंडी असते ना खुरीस! पण ज्या शाळेच्या भिंतीवर खुरीस आहे, तिने वर्ग रिकामे पडले तरी ती मुले सोडायला नको होती.

"त्यांची वेगळी सोय करूया की!" हे तर आपले लाडके वाक्य. गावकुसाबाहेरची विहीरही वेगळी सोयच होती.

2017 च्या कायद्याने अशा भेदभावाला मनाई केली आहे. तरीही उद्या तुमच्या पालकसभेत असा विषय निघालाच, तर उठून विरोध करा. एकटे पडलात तरी.