फिरतीची नोकरी आणि घराच्या रात्री



मंदिरात अभिषेक झाला आणि आपण बायका ओट्यावर टेकलो, की हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाची सून दर आठवड्याला पुण्याला जाते, कुणाचा जावई महिन्यातले पंधरा दिवस हैदराबाद-बंगळूर करतो. मुलगा फिरतीवर असला तर "बिचाऱ्याची किती धावपळ होते", आणि सून असली तर "मग घराकडे कोण बघतं?" बॅग तीच, गाडी तीच, फक्त प्रश्न बदलतो. माझ्या सुनेला बढती देऊ केली आहे आणि त्यासोबत महिन्याला आठ-नऊ रात्री बाहेरगावच्या आहेत. तिला या महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. म्हणून मीही यावर नीट विचार केला, तो इथे मांडते.

आपल्या समाजाला फिरती नवी नाही. कवी बनारसीदास 1586 साली जौनपूरला जन्मले, जातीचे व्यापारी. 1641 मध्ये त्यांनी 'अर्धकथानक' लिहिलं, त्यात आग्र्याच्या वाऱ्या आहेत, इजारीच्या नाडीत बांधलेली आणि हरवलेली रत्नं आहेत, कचोरीवाल्याकडची उधारी आहे. मला त्यातला एक प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. धंद्यात सगळं घालवून ते सासुरवाडीला आले, तेव्हा बायकोने साठवलेले 20 रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि आईला सांगून आणखी 200 मिळवून दिले. फिरणाऱ्या माणसाचं भांडवल घरी बसलेल्या बाईच्या गाठीला होतं. हिशेबाच्या वहीत ते कुठल्या खात्यावर लिहायचं, हे मी बी.कॉम.ला शिकले नाही.

नागपूरला रेल्वे आली 1867 साली. तेव्हापासून इतवारीतली माणसं कापूस, कापड, किराणा यांच्यासाठी वऱ्हाडात आणि छत्तीसगडात जातच आहेत. माझे सासरे महिन्यातून दोनदा अकोला-रायपूर करायचे आणि सासूबाई पोस्टकार्डाची वाट पाहायच्या. त्यांना कुणी "घराकडे कोण बघतं" असं विचारलं नाही, कारण उत्तर चुलीपाशीच बसलेलं होतं.

आता रस्ते बदलले. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईला जायला सोळा तास लागायचे, ते आठ झाले. ऑगस्ट 2025 पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत आहे, 881 किलोमीटर बारा तासांत. सोय झाली हे खरंच. पण सोयीची एक गंमत असते. पूर्वी साहेब म्हणायचे, "एवढ्या लांबून कशाला येता, पत्र पाठवा." आता म्हणतात, "सकाळी निघा, संध्याकाळी पोहोचाल." रस्ता अर्धा झाला आणि फेऱ्या दुप्पट.

आता जमाखर्च. जमेच्या बाजूला पगार आहे, पण मी त्याहून मोठी रक्कम वेगळीच धरते. विदर्भातली आपली मुलं शिकून पुण्या-मुंबईला गेली आणि तिकडचीच झाली. कितीतरी घरांत आता दोन म्हातारी माणसं आणि एक कुलूपबंद खोली उरली आहे. फिरतीची नोकरी असेल, तर बिऱ्हाड नागपुरात राहतं. नातवंडं इथल्या पाठशाळेत जातात, आजी-आजोबांच्या हातची भाजी खातात, आणि आईबाबांपैकी एक जण महिन्यात नऊ रात्री नसतो. कायमचं गेलेलं घर आणि नऊ रात्रींचा रिकामा पलंग, यांत मी पलंग निवडते. आपल्यापैकी ज्यांची मुलं सिंगापूर-अमेरिकेत आहेत, त्यांना हे जास्त पटेल.

खर्चाच्या बाजूला कंपनी तिकीट आणि हॉटेल भरते, रोजचा भत्ताही देते. पण मुलाला शाळेत नेणारा ऑटो, वरकामाच्या बाईचे जादा तास, तापात उशाशी बसलेल्या आजीची रात्र, याची पावती कुठे जोडायची? आणि फिरणाऱ्याच्या अंगाचं काय? अवेळी जेवण, परकी उशी, पित्त. आपल्यात तर सूर्यास्ताचा प्रश्न आहेच. विमानातल्या जैन जेवणाला व्हीजेएमएल असं सांकेतिक नाव आहे, ते आधी नोंदवावं लागतं. पण मीटिंग साडेसातला संपली, की ते नाव काय कामाचं? अशा वेळी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि लाह्यांचा डबाच उपयोगी. पिठाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते, पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. हा डबा सुनेनेच पहाटे उठून भरावा असं काही शास्त्रात नाही. माझ्या मुलाला दशमी लाटता येते.

काही जणी म्हणतात, इतकं फिरणं धर्मातच बसत नाही, दिग्व्रत पाहा. मी उलट म्हणते, दिग्व्रत नीट पाहा. ते फिरण्याला नाही म्हणत नाही, मर्यादा घालायला सांगतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात नदी, डोंगर, अरण्य, देश यांच्या खुणा धरून दाही दिशांची सीमा ठरवायला सांगितली आहे. त्या सीमेपलीकडे आपल्याकडून कोणतंच पाप घडत नाही, हा त्यातला लाभ. शिवाय देशावकाशिकात काळाचीही मर्यादा आहे: वर्ष, ऋतू, महिना, चार महिने, पंधरवडा. म्हणजे "या चार महिन्यांत मी इतक्याच अंतरापर्यंत जाईन" असं ठरवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आणि दिग्व्रताच्या अतिचारांत एक आहे, आपण घातलेली मर्यादाच विसरून जाणं! कामाच्या नादात नेमकं तेच होतं. महिन्याला चार रात्री म्हणता म्हणता बारा कधी झाल्या ते कळत नाही. (देशव्रताच्या अतिचारांत सीमेपलीकडच्या माणसाला आवाज देणं आणि आपलं रूप दाखवणं हेही आहे. व्हिडिओ कॉलवाल्यांनी जपून राहावं, असं मी घरी हसत हसत म्हणते.)

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसणार आहे. रात्रीचा रस्ता नको. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि 25 माणसं गेली. त्या आठवड्यात नागपूर-वर्ध्यात किती घरं उजाड झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपले मुनी दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन बघून चालतात, ती ईर्या समिती. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण दुरांतोसारखी रात्रीची रेल्वे असताना झोपाळल्या ड्रायव्हरच्या हाती जीव कशाला द्यायचा? दोन तास वाचवायला कंपनी रात्रीची गाडी काढून देत असेल, तर नाही म्हणायला सुनेलाही यावं आणि मुलालाही.

तर सुनेला मी हो म्हणायला सांगितलं आहे, पण आकडा लिहून. महिन्याला आठ रात्री, त्याही सलग तीनपेक्षा जास्त नाहीत, दशलक्षणाचे दहा दिवस घरी. ती साहेबांशी बोलेल तेव्हा कागद पुढे असेल. मुलानेही आपल्या फिरतीचा असाच कागद केला आहे, कारण दोघं एकाच वेळी बाहेर असले तर नातवाच्या शाळेची बस कोण पकडणार? माझे गुडघे आता जिन्याला कुरकुरतात, हेही त्या कागदावर मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

तुमच्या घरी महिन्याला किती रात्री जातात, मोजून पाहा आणि मला कळवा. सुनेच्या मोजाल तशा मुलाच्याही मोजा.