विश्लेषण : यात्रांच्या तोंडावर ॲम्प मॉडेलर अपडेट करावा का?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. जुन्नर-आंबेगावच्या या हंगामात डिजिटल ॲम्प मॉडेलरवर गिटार वाजवायची असेल, तर एक प्रश्न पडतोच. नवं फर्मवेअर आलं की लगेच टाकायचं का?

अपडेटने काय बदलतं?
मॉडेलर म्हणजे ॲम्प्लिफायरचा आवाज गणिताने उभा करणारा छोटा संगणक. फर्मवेअर हा त्याचा मूळ प्रोग्रॅम. तो बदलला की त्याच यंत्रात नवे ॲम्प आणि इफेक्ट मिळतात. २०१५ साली आलेल्या लाइन सिक्सच्या हेलिक्सला अशी मोफत अपडेट्स पुढे अनेक वर्षं मिळत राहिली.

धोका कुठे आहे?
अपडेट सुरू असताना वीज गेली, तर प्रोग्रॅम अर्धवट राहून यंत्र बंद पडू शकतं. जमवलेले प्रीसेट पुसले जाऊ शकतात किंवा त्यांचा आवाज बदलू शकतो. हे ऐन कार्यक्रमात लक्षात आलं, तर सुपारीच अडचणीत येते.

मग काय करावं?
आधी प्रीसेटचा बॅकअप घ्या, अपडेट इन्व्हर्टरवर करा आणि नंतर एक पूर्ण तालीम करा. तेवढा वेळ नसेल, तर जुनंच फर्मवेअर राहू द्या. पावसाळ्यात फड बंद असतात, नवे आवाज तेव्हा निवांत तपासता येतील.