उघडा हिशेब हाच भागीदारीचा पाया

परभणी जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू झाला, की मानवत किंवा सेलूच्या बाजारात शेतकऱ्याच्या गाडीभोवती अनेक यंत्रणा एकत्र येतात. बाजार समिती आवार देते, मापाडी वजन करतो, जिनिंग कारखाना सरकी वेगळी करतो आणि खरेदीदार संस्था गाठी विकते. ही एक भागीदारीच होय. परंतु प्रत्येक भागीदाराला केवळ आपलाच आकडा ठाऊक असतो. अविश्वासाचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्राने हा धडा एकाधिकार कापूस खरेदी योजनेत गिरविला. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ मध्ये ही योजना सुरू झाली. खरेदीचे काम प्रथम राज्य सहकारी पणन महासंघाकडे, तर १९८४ नंतर कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र महासंघाकडे होते. उत्पादकाला व्यापाऱ्याच्या मगरमिठीतून सोडविण्याचा हेतू स्तुत्यच होता. मात्र पैसे हप्त्यांनी मिळत, निधीसाठी कपात होई आणि अंतिम भाव साऱ्या विक्रीनंतरच ठरे. योजना तोट्यात गेली आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली. अपयशाची कारणे अनेक होती. बाजारापेक्षा चढा हमीभाव हे त्यांतील ठळक कारण. तथापि, आपल्या पैशांचे पुढे काय होते हे ज्याला दिसत नाही, त्याला ती संस्था आपली वाटत नाही, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगला मालही बाजारातून हद्दपार होऊ शकतो. कापसाला हे तंतोतंत लागू पडते. एक क्विंटल कापसातून साधारणतः एक तृतीयांश रुई निघते. शंभर क्विंटलांमागे उताऱ्यात एका टक्क्याचा फरक पडला, तरी एक क्विंटल रुईचा प्रश्न उभा राहतो. हा उतारा केवळ कारखान्यालाच ठाऊक असेल, तर संशयाला आमंत्रणच मिळते.

२००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांना मान्यता मिळाली. दोन-तीन छोट्या कंपन्यांनी मिळून माल विकणे आज सहज शक्य आहे. पण जुनी चूक नव्या नावाने करावयाची नसेल, तर वजन, ओलावा, उतारा, कपाती आणि विक्रीदर हे पाच आकडे एकाच कागदावर सर्व भागीदारांना मिळावयास हवेत. खर्च कोण सोसणार आणि तूट कोणाच्या माथी, हेही हंगामापूर्वी लिहून ठेवावे.

भाव उघड केल्यास सौदाशक्ती घटते, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. म्हणूनच सौदा होईपर्यंत दर गुप्त राहावा. पण सौदा झाल्यावर तो भागीदारांपासून लपविण्याचे कारण उरत नाही. तोट्याची बातमी वेळीच सांगणारी संस्था टिकते. ती दडविणारी संस्था नफ्यातही विश्वास गमावते. पुढील हंगामाची पहिली गाडी आवारात येण्यापूर्वी संचालकांनी एवढे ध्यानी घ्यावे.